दुसरा कागद मागू नका

“हा नाही मॅडम. आधीचा द्या.”

लेकीच्या पहिलीच्या प्रवेशाला गेले होते. 2024 चा उन्हाळा. जन्मदाखला पुढे केला. महापालिकेचा, शिक्क्याचा; आई म्हणून माझं नाव, वडील म्हणून नवऱ्याचं. लिपिकानं वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं. जन्म 2018 चा, नोंद 2019 ची. जन्मठिकाणही आमच्या शहराचं नाही. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग खाली, माझा हात धरून उभ्या असलेल्या तिच्याकडे. म्हणाला, “दत्तक आहे का? मग कोर्टाची ऑर्डर लावा. आणि आधीचा दाखला आणा.”

मागे रांगेत आठ-दहा पालक होते. सगळे ऐकत होते.

लेकीला आपण दत्तक आहोत हे माहीत आहे. बोलायला लागली तेव्हापासून ती गोष्ट ती अंथरुणात पडल्या पडल्या ऐकत आली आहे. मी एखादा तपशील विसरले तर तीच आठवण करून देते. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ती गोष्ट कुणाला सांगायची, कधी सांगायची, हे तिनं ठरवायचं. त्या दिवशी ते एका अनोळखी माणसानं रांगेसमोर ठरवलं. घरी येताना रिक्षात तिनं विचारलं, “आई, आधीचा म्हणजे कुठला?”

या आठवड्याचं सदर त्या एका शब्दाबद्दल आहे.

शाळेला ‘आधीचा’ कागद मागायचा अधिकार नाही. बँकेला नाही, आधार केंद्राला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरीला तर मुळीच नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 चं कलम 63 स्वच्छ आहे: दत्तक आदेश लागू झाला की मूल दत्तक आईवडिलांचं होतं, त्यांच्याच पोटी जन्मल्यासारखं, सगळ्या कामांसाठी. ‘सगळ्या कामांसाठी’ यात पहिलीचा प्रवेशही येतो. त्या कायद्याखालचे दत्तक नियम पुढचं पाऊल सांगतात. आदेश झाला की दत्तक संस्थेनं जन्मदाखल्यासाठी अर्ज करायचा. जन्म-मृत्यू निबंधकानं दत्तक आईवडिलांची नावं घालून आणि आदेशातली जन्मतारीख धरून दाखला द्यायचा. अर्ज मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत. असा नवा दाखला कायद्यानं का द्यायला लावला? मुलानं जन्मभर दत्तक आदेश बगलेत मारून खिडकी-खिडकी फिरू नये म्हणून. दुसरं कारण मला तरी दिसत नाही.

आणखी एक. दत्तकाची सुनावणी बंद दाराआड होते, तसं कायद्यातच लिहिलं आहे. ज्या गोष्टीसाठी कायदा दार लावून घेतो, ती गोष्ट शाळेच्या टेबलावर मोठ्यानं विचारली जाते.

पुष्कळ मुलांचा ‘आधीचा’ दाखला अस्तित्वातच नसतो. ज्या बाळाला कुणी देवळाच्या पायरीवर, एसटी स्टँडवर ठेवून गेलं, त्याचा जन्म नोंदवायला कोण जाणार? त्याचं वय डॉक्टर तपासून ठरवतात, त्यावरून जन्मतारीख धरली जाते, आणि तीच पुढे सगळीकडे चालते. माझ्या लेकीचं काय होतं, हे मी इथे लिहिणार नाही. तो तिचा ठेवा आहे. हा लेख लिहू का, हेही तिला विचारलं. “माझं नाव नको,” म्हणाली. म्हणून नाव नाही.

आता ते कामाचे पाच दिवस.

आमची लेक 2019 च्या जानेवारीत घरी आली. कायद्याच्या भाषेत ते ‘दत्तकपूर्व संगोपन’: मूल घरी असतं, पण आदेश व्हायचा असतो. आदेश मे महिन्यात झाला. दाखला हातात पडला तो डिसेंबरात. पाच दिवसांचे सात महिने झाले. संस्थेच्या समाजसेविका ताई निबंधकाच्या कार्यालयात अकरा वेळा गेल्या. मी मोजलंय, कारण चार वेळा त्यांच्याबरोबर मीही होते. एकदा सांगितलं, असा दाखला आम्ही कधी दिलेला नाही. एकदा सांगितलं, जन्म आमच्या हद्दीत झाल्याचा पुरावा आणा. एकदा साहेब रजेवर. एकदा सगळं तयार झालं आणि संगणकात आईच्या नावाची जी जागा असते तिथे ‘दत्तक आई’ असं टंकून आलं. ताईंनी तो कागद तिथल्या तिथे परत केला. “नुसतं ‘आई’ लिहा,” म्हणाल्या. आणखी तीन आठवडे गेले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही.

जानेवारी ते डिसेंबर, असे अकरा महिने आमच्या घरात एक बाळ होतं, त्याचा पाळणा होता, त्याचे दात येत होते, आणि सरकारदरबारी ते आमचं असल्याचा जन्मदाखला नव्हता. लसीकरणाचं कार्ड संस्थेचं, त्यावर संस्थेनं ठेवलेलं नाव. फेब्रुवारीत एका रात्री ताप 103 वर गेला. दवाखान्याच्या खिडकीवर विचारलं, “पेशंटचं नाव?” मी जागच्या जागी थांबले. कार्डावरचं सांगू की आम्ही ठेवलेलं? बाळ खांद्यावर भाजत होतं आणि मी कागदाचा विचार करत होते. नवऱ्यानं पुढे होऊन आम्ही ठेवलेलं नाव सांगितलं. पुढे दोन नावांचे दोन केसपेपर झाले, आणि विम्याच्या कंपनीनं त्यातला एक नाकारला. पैशाचं सोडा. पण आईला आपल्या बाळाचं नाव सांगताना थांबावं लागतं, ही वेळ कुणावर येऊ नये.

ज्यांच्या घरी बाळ यायचंय त्यांना एक कळकळीचं सांगणं. आदेशाचा मसुदा वकिलाच्या भरवशावर सोडू नका. बाळाचं नवं नाव पूर्ण, आडनावासकट, मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरांत तपासा. आपली स्वतःची नावंही आधार कार्डावर आहेत तशीच घाला. आदेशातली वेलांटी चुकली तर ती दाखल्यात जाते, दाखल्यातून आधारात, आधारातून शाळेच्या जनरल रजिस्टरात. आणि दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरताना ती वेलांटी काढायला राजपत्रापर्यंत जावं लागतं. मूल थोडं मोठं असेल तर संस्थेत असतानाच त्याचं आधार निघालेलं असू शकतं. तेही विचारून घ्या. आधार क्रमांक माणसाला जन्मात एकदाच मिळतो. तोच क्रमांक ठेवून नाव बदलायचं असतं. नवं काढायला गेलात तर ठशांवरून जुनं सापडतं आणि अर्ज फेटाळला जातो. पाच वर्षांखालच्या मुलाचं निळं बाल आधार निघतं, त्याला ठसे लागत नाहीत, जन्मदाखला आणि आईवडिलांपैकी एकाचं आधार पुरतं. पुन्हा तेच: जन्मदाखला. सगळी माळ त्या एका मण्याला धरून आहे.

2023 पासून तर जास्तच. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातला बदल 1 ऑक्टोबर 2023 ला लागू झाला. त्या दिवसापासून पुढे जन्मलेल्या मुलाचा जन्म कधी आणि कुठे झाला याचा पुरावा जन्मदाखला हाच. शाळा, वाहन परवाना, मतदारयादी, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी, आधार, सगळ्याला. पासपोर्टच्या नियमांतही 2025 मध्ये तेच आलं. याच बदलात दत्तक, अनाथ, टाकून दिलेल्या मुलांच्या नोंदीची आणि एकट्या आईच्या मुलाच्या नोंदीची तरतूद झाली. चांगली गोष्ट आहे. पण म्हणूनच आता पाच दिवसांचे सात महिने परवडणारे नाहीत. सगळी दारं एकाच किल्लीनं उघडायची ठरवलीत, तर किल्ली वेळेवर द्या.

त्यात आदेश देणारा हातही बदलला. 1 सप्टेंबर 2022 पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकाऱ्यांनी द्यायचा, असा बदल कायद्यात झाला. आपल्याकडे चालू प्रकरणांचं काय, यावर जानेवारी 2023 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की न्यायालयात असलेली प्रकरणं तूर्त तिथेच चालू द्या. त्या चार-सहा महिन्यांत मला फोन करणाऱ्या आयांचा आवाज अजून कानात आहे. “ताई, आमची फाइल नक्की कुणाकडे आहे?” बाळ कडेवर, आणि फाइल दोन इमारतींच्या मध्ये.

दत्तकाची आणखी एक वाट आहे, गावाकडे तीच जास्त चालते. भावाला मूल नाही म्हणून आपलं तिसरं त्याच्या ओटीत घातलं. बहिणीनं बहिणीचं मांडीवर घेतलं. 1956 च्या हिंदू दत्तक कायद्यानं हे होतं. देणं-घेणं प्रत्यक्ष झालं पाहिजे, आणि दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्र नोंदवलं की कायदा ते खरं धरून चालतो. इथवर ठीक. मग ते दत्तकपत्र घेऊन माणसं ग्रामपंचायतीत जातात, कारण गावात जन्माची नोंद तिथे असते. तिथे ग्रामसेवक म्हणतो, मला फक्त चूक दुरुस्त करता येते. जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याचं कलम 15 तेच म्हणतं: नोंद चुकीची असेल, गैर असेल, फसवून केलेली असेल, तर दुरुस्ती. इथे नोंद चुकलेली नाही. जन्म दिलेल्या आईचं नाव खरंच होतं. चूक कुणाचीच नाही, म्हणून दुरुस्ती नाही. मग मुलाच्या जन्मदाखल्यावर एक घर आणि रेशनकार्डावर दुसरं. शाळेच्या दाखल्यावर काकाचं नाव बाप म्हणून, कारण गुरुजींनी समजून घेतलं. आणि सोळा-सतरा वर्षांनी, बारावीनंतरच्या प्रवेशाला, पोरगं सगळे कागद एकत्र टेबलावर ठेवतं तेव्हा ते एकमेकांना ओळखतच नाहीत. घरात कधी कुणी आपपर केलं नाही, आणि ते पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा बाहेर येऊन विचारतं, मी नक्की कुणाचा?

शंभराच्या स्टॅम्पवर नोटरीचा शिक्का मारून ‘दत्तक’ घेतलेली माणसं मला भेटली आहेत. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता. पण त्या कागदाला दत्तक आदेशाचंही वजन नाही आणि नोंदवलेल्या दत्तकपत्राचंही नाही.

वाईट हेतूवाल्यांबद्दल मात्र बोललंच पाहिजे. “कशाला त्या वेटिंगच्या भानगडीत पडता? माझ्या ओळखीचा दवाखाना आहे. बाळंतपण तुमच्याच नावावर दाखवू. जन्मदाखला थेट तुमच्या नावाचा.” हे वाक्य मी स्वतः ऐकलंय, एका लग्नाच्या पंगतीत, शिकलेल्या माणसाच्या तोंडून. तो माणूस स्वतःला मदत करणारा समजत होता. हा गुन्हा आहे. ठरलेली रीत सोडून मूल घेणं-देणं याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख दंड किंवा दोन्ही. मुलाची खरेदी-विक्री असेल तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी. आणि दवाखान्यातला माणूस त्यात असेल तर किमान तीन, जास्तीत जास्त सात. पण मला शिक्षेपेक्षा त्या मुलाचं भय वाटतं. त्याचा पहिला कागदच खोटा. त्याच्या जन्मदात्या आईला मन बदलायला कायदा 60 दिवस देतो. त्या आईला ते मिळालेच नाहीत. उद्या त्याला आपली मुळं शोधायची झाली तर शोधायला काही ठेवलेलंच नाही. रीतसर दत्तकात संस्था कागद जपून ठेवते, आणि अठरा वर्षांचं झालं की मूल स्वतः अर्ज करून आपल्याबद्दल विचारू शकतं. म्हणूनच आदेशाची प्रत आमच्या कपाटात एका पिवळ्या पाकिटात आहे. त्या पाकिटावर लेकीचं नाव आहे, आमचं नाही. ते पाकीट शाळेच्या लिपिकासाठी नाही.

जातीच्या दाखल्याचं दुखणं वेगळं आहे, थोडक्यात सांगते. एका एकट्या आईनं संस्थेतून मुलगा दत्तक घेतला. त्याच्यासाठी आपल्या जातीचा दाखला मागितला, तर वडिलांच्या बाजूचे पुरावे आणा म्हणून अर्ज फेटाळला. ज्या घरात वडील नाहीत तिथे वडिलांचे पणजोबा कुठून आणायचे? 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्या आईच्या बाजूनं निकाल दिला: दत्तक मुलाला आईची जात मिळते. आता 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर नावामागोमाग आईचं नाव लिहिण्याची रीत राज्यानं घातली आहे. पण तहसीलच्या सेतू केंद्रात आजही पहिला प्रश्न वडिलांच्या जुन्या पुराव्याचा येतो. न्यायालयाचा निकाल सेतूच्या टेबलापर्यंत पोचायला किती वर्षं लागतात?

दत्तक मुलाला असं अडवणं आजचं नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. तिथे बाळंत झालेल्या काशीबाई या विधवेचा मुलगा यशवंत, त्यांनी तो दत्तक घेतला. जोतीरावांना समाज पुरता ठाऊक होता. 1887 मध्ये मृत्युपत्र करून त्यांनी यशवंतच्या हक्काची लेखी तजवीज केली. तरी 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले तेव्हा अंत्ययात्रेपुढचं टिटवं कुणी धरायचं यावरून पुतण्यानं हरकत घेतलीच. सावित्रीबाईंनी टिटवं स्वतःच्या हातात घेतलं. कागद घरात होता, आणि तरी दारात ‘हा तुमचा नव्हे’ म्हणणारा माणूस उभा होता. त्या दिवशी त्या बाईंच्या मनात काय चाललं असेल, हे मला शाळेच्या त्या रांगेत कळलं. मोठ्या माणसांशी बरोबरी म्हणून हे लिहीत नाही. दुखतं त्याच जागी, म्हणून लिहिते.

लिपिकाचा मला राग नाही. त्याच्या मनात भीती होती. आता तर ती वाढली आहे: 2025 मध्ये राज्यात उशिराच्या जन्मनोंदींची चौकशी सुरू झाली, दाखले रद्द झाले, तेव्हापासून जन्माची आणि नोंदीची तारीख लांब दिसली की टेबलावरच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. त्याला कुणी सांगितलेलंच नाही की दत्तक मुलाच्या दाखल्यावर ही दोन वर्षं वेगळी असू शकतात. तेव्हा ते सांगण्याचं काम वरच्यांचं आहे. शालेय शिक्षण विभागानं एक परिपत्रक काढावं. मोठं नको, चार ओळींचं. मसुदा देते:

“दत्तक बालकाचा जन्मदाखला इतर कोणत्याही बालकाच्या जन्मदाखल्याइतकाच पूर्ण पुरावा मानावा. नोंदणीची तारीख किंवा जन्मठिकाण पाहून दत्तकविधानाबद्दल विचारणा करू नये. दत्तक आदेशाची प्रत मागू नये व घेऊ नये. दाखल्याबद्दल शंका आल्यास ती देणाऱ्या कार्यालयाकडून पडताळून घ्यावी, पालकांना बालकासमोर विचारू नये.”

एवढंच. हे परिपत्रक प्रवेशाच्या मोसमाआधी, मार्चमध्ये निघालं तर जूनमध्ये कुणाची तरी लेक रिक्षात तो प्रश्न विचारणार नाही. ज्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या हाती हे सदर पडेल त्यांनी ते कात्री लावून फाइलला जोडावं.

आमच्या प्रवेशाचं काय झालं? मी ऑर्डर दिली नाही. मुख्याध्यापिकांना भेटले, कलम 63 चा छापील कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, “माझी चूक झाली. मला हे माहीत असायला हवं होतं.” त्याच दिवशी प्रवेश झाला. त्या आजही वर्गाबाहेर लेक दिसली की तिला थांबवून तिच्याशी दोन शब्द बोलतात.

या दिवाळीत मस्कतला आत्याकडे जायचं ठरतंय, म्हणून तिच्या पासपोर्टचं काढलंय. 2016 च्या डिसेंबरातच परराष्ट्र मंत्रालयानं सांगून टाकलं आहे की देशातल्या देशात दत्तक घेतलेल्या मुलासाठी नोंदवलेलं दत्तकपत्र लागणार नाही. मंगळवारी सकाळी साडेदहाची वेळ मिळाली आहे. कुणीतरी लेकीला सांगितलंय की पासपोर्टवर सही लागते, तेव्हापासून जुन्या वहीची मागची पानं भरून चालली आहेत. आधी नुसतं नाव लिहायची. काल तिनं आडनावही जोडलं, आणि आडनावाखाली रेघ मारली. पिवळं पाकीट कपाटातच राहील. जन्माचा म्हणून मी एकच कागद नेणार आहे.